आईच्या बांगड्या आणि चाळीस घरांची भावकी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील बरेच आजारी आहेत, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आई एका रात्री तुमच्याजवळ म्हणाली, "ह्यांच्या मागं माझ्या बांगड्या फोडू देऊ नका, कपाळ पुसू देऊ नका." तुम्ही पुण्यात नोकरी करता. भाऊ गावातच शेती बघतो आणि म्हणतो, "बारा दिवसांचं तर आहे, लोक करतात ते करू दे. आपल्याला इथं राहायचंय." गावात तुमच्या भावकीची चाळीस घरं. एवढ्या माणसांत आईच्या बाजूनं एकटीनं कसं उभं राहायचं, आणि राहिलात तर पुढं आईचं काय होणार, हे तुम्ही विचारलंय.

माझ्याबद्दल एवढंच सांगते. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत एकल महिलांबरोबर काम करून मला सव्वीस वर्षं झाली. मयताच्या घरी, रक्षाविसर्जनाला, उत्तरकार्याला मी बसले आहे. काही घरांत आमचं ऐकलं गेलं, बऱ्याच घरांत नाही. पुढं लिहिते ते सगळं या दोन्ही घरांमधून शिकलेलं आहे.

ताई, सगळ्यात आधी आईला पुन्हा विचारा. एकटीला, दिवसाउजेडी, हातात काही काम असताना. आजाऱ्याच्या उशाशी बसून रात्री बाई जे बोलते ते खरंच असतं, पण सगळं नसतं. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, रंगीत लुगडं या प्रत्येक गोष्टीबद्दल तिच्या मनात वेगळं काही असू शकतं. शिरोळकडच्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "कुंकू मी लावणार, ते मी लहानपणापासून लावते, लग्नाच्या आधीपासून. मंगळसूत्र त्यांनी घातलं होतं, ते मी माझ्या हातानं काढून ठेवीन. पण कुणी ओढायचं नाही." किती स्पष्ट विचार होता तो! आम्ही मात्र पाचही गोष्टींसाठी भांडायची तयारी करून गेलो होतो. त्या दिवशी आम्ही आमचंच दामटलं असतं, तर त्या बाईंसाठी आम्ही दुसरी भावकीच झालो असतो.

आणि आई म्हणाली की "नको गं, होऊ दे रीतीप्रमाणं," तर तुम्हाला मागं सरावं लागेल. हे फार जड जातं, मला माहीत आहे. पण आपण ज्या तत्त्वासाठी उभ्या आहोत ते "बाईच्या अंगाबद्दल बाईनं ठरवायचं" हे आहे. तिनं ठरवलं आणि ते आपल्याला आवडलं नाही, तरी ठरवलं तिनंच. मात्र ती भीतीनं म्हणते का मनानं, हे ओळखायला तिला दोनतीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी विचारावं लागतं.

दुसरं काम माहिती काढायचं. तुमच्या घराण्यात हे नेमकं कधी होतं आणि कोण करतं? ही रीत सगळीकडे एकसारखी नाही. काही घरांत मयत उचलायच्या आधी बाईला शेवटचं मळवट भरून, हिरव्या बांगड्या घालून बसवतात आणि मग तिथंच पुसतात, फोडतात. काही घरांत तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला, काही ठिकाणी दहाव्याला नदीवर. तुम्ही दहाव्याची तयारी करून बसाल आणि पहिल्याच तासात, मुलगा लाकडं आणायला गेलेला असताना, आतल्या खोलीत सगळं उरकलेलं असेल. असं माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं. घरात रडारड चालू होती, म्हाताऱ्या बायकांना त्यांचं "काम" माहीत होतं, त्यांनी ते केलं. म्हणून आत्याला विचारा, आजीच्या वेळी कसं झालं होतं ते. सहज, गप्पांत. वेळ, जागा आणि हात, या तिन्ही गोष्टी कळल्या की अर्धी भीती जाते, कारण मग चाळीस घरं समोर राहत नाहीत. समोर दोन किंवा तीन बायका राहतात.

त्या दोनतीन बायकांबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण या सगळ्यात सर्वांत कमी बोललं जातं ते त्यांच्याबद्दल.

बहुतेक घरांत हे करणाऱ्या बायका स्वतः विधवा असतात. सवाष्णीनं हे करायचं नाही अशी समजूत असते, त्यामुळे ते काम त्यांच्यावर येतं. त्यांच्याशी भांडायला गेलात तर हरलात. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात अशा एका चुलत सासूबाईंकडे मी आठ दिवस आधी गेले होते. पंचाहत्तरीच्या. मी प्रथा, कायदा, माणुसकी असं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या फोडल्या तवा मी एकवीस वर्सांची हुते. मनगटातनं रगत आलं. कुणी आडवं आलं न्हाई. आता हिच्या फोडायच्या न्हाईत, तर माझ्या का फोडल्या, ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही. मी फक्त त्यांचा हात धरून बसले. खूप वेळानं त्याच म्हणाल्या, की त्या दिवसानंतर गावात कुणाच्याही घरी हळदीला त्यांना बोलावणं आलं नाही, सख्ख्या मुलाच्या लग्नातही त्या मांडवाच्या कडेला होत्या. पुन्हा दोन दिवसांनी गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी काही मागितलंच नाही. निघताना त्या म्हणाल्या, "माझा हात उचलायचा न्हाई. बाकीच्यांचं मला ठावं न्हाई." मयत झालं त्या दिवशी त्या आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि उठल्या नाहीत. बाकीच्या बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. कुणीच उठलं नाही.

ही युक्ती मी शोधलेली नाही, आपल्याकडे ती फार जुनी आहे. १८९० साली मुंबईतल्या नाभिक बांधवांनी सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. सत्यशोधक चळवळीतले आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. केशवपन योग्य की अयोग्य यावर तेव्हा वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरत होते. त्या वादाच्या निकालाची वाट न बघता या माणसांनी आपला वस्तरा बाजूला ठेवला. रीत म्हटली की ती आभाळातून आल्यासारखी वाटते, पण ती शेवटी कुणाच्या तरी हातानंच होते. तो हात कुणाचा हे शोधा आणि त्या माणसाकडे आदरानं जा. त्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही दोषी ठरवलं नाहीत, तिचंही दुःख ऐकून घेतलंत, तर ती तुमची सर्वांत मोठी आधार होऊ शकते. होईलच असं नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून कमी वेळा होते. तरी पहिलं दार तेच ठोठवा.

आता भावाबद्दल. तुमच्या लिहिण्यात त्याच्याविषयी राग दिसतो. तो थोडा बाजूला ठेवा. तुम्ही बोलून पुण्याला जाणार, तो तिथं राहणार. "आपल्याला इथं राहायचंय" या वाक्यात त्याचा भित्रेपणा नाही, त्याचा हिशेब आहे, आणि तो हिशेब उघडून बघायला हवा. त्याच्याबरोबर बसा आणि विचारा, भावकी रागावली तर नेमकं काय काय अडवू शकते? पाणीपुरवठा संस्थेत पाण्याची पाळी कुणाच्या हातात आहे? ऊसतोडीच्या वेळी कुणाच्या रानातून गाडी जाते? पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या शेतात कामाला, कोण येतं? त्याची मुलगी लग्नाची आहे का? नाव घेऊन, एकेक गोष्ट. मोघम भीती ही खऱ्या भीतीपेक्षा नेहमी मोठी असते. दहा गोष्टींची यादी केलीत तर सातआठ गोष्टी भावकीच्या हातात नसतातच. उरलेल्या दोनतीन असतात, त्यांची सोय करता येते. एका घरी आम्ही फक्त एवढंच केलं की ज्या चुलत्याच्या बांधावरून वाट होती, त्याच्याकडे भाऊ आधीच जाऊन आला. बाकी काही करावं लागलं नाही.

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण मी अशा वेळी सांगते. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. कोकणातल्या मुरूड गावानं कर्व्यांना वाळीत टाकलं, आणि त्याचा जाच गावात राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांना झाला. हे सगळे सांगतात. सांगितलं जात नाही ते हे, की लग्नाच्या दोन वर्षं आधीपासून कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांची भाकरी मुरूडच्या हातात नव्हती. यानं त्यांचं मोल तसूभरही कमी होत नाही. पण ज्याची भाकरी गावाच्या हातात आहे त्याच्याकडून आपण तेवढ्याच सहज धैर्याची अपेक्षा करतो, तेव्हा त्याच्यावर अन्याय करतो. तुम्ही पुण्यात कर्व्यांच्या जागी आहात. तुमचा भाऊ मुरूडला राहिलेल्या त्यांच्या घरच्यांच्या जागी आहे. भावकीचे कडू बोल आपल्या अंगावर घेण्याची जबाबदारी म्हणून तुमची जास्त आहे. "मी हट्ट केला, माझ्या भावाचं काही चाललं नाही," असं त्याला गावात सांगू द्या. त्यात कमीपणा मानू नका.

"एकटीनं" हा शब्द तुम्ही तीन वेळा लिहिलाय. त्यावर माझं मत पक्कं आहे: एकटीनं उभं राहू नका. दुसरं एक माणूस मिळवा. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग शिकवले होते. एका खोलीत काही माणसं बसवायची, त्यांतला एकच खरा सहभागी, बाकीचे आधी पढवलेले. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसतंय, पण पढवलेले सगळे एकमुखानं चुकीचं उत्तर देतात. तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता गर्दीचं चुकीचं उत्तर दिलं. पण त्या पढवलेल्यांत एकच जण खरं उत्तर देणारा ठेवला, की गर्दीमागं जाण्याचं प्रमाण एकदम घसरलं. एकच माणूस पुरला. मी हे वर्गात ऐकलं तेव्हा परीक्षेपुरतं लिहून घेतलं. त्याचा अर्थ कळला तो पुढं मयताच्या घरांत.

ते दुसरं माणूस भावकीतलं असावं. पुण्याची मैत्रीण किंवा आमच्यासारखी कार्यकर्ती असली तर गाव लगेच म्हणतं, "बाहेरच्यांनी शिकवलं." एखादी वहिनी, शिकलेला पुतण्या, निवृत्त मास्तर असलेले चुलते, कुणीही. त्यानं भाषण करायला नको. ऐन वेळी "राहू दे की, नको म्हणते ती" एवढं एक वाक्य बोललं तरी पुरतं. त्यासाठी घरोघरी एकेकट्यानं बोलावं लागतं, आणि आत्ताच. दहा माणसं एकत्र बसलेली असताना हा विषय काढू नका. एकटा माणूस तुमचं ऐकून विचार करतो. तोच चार जणांत बसला की आधी त्या चौघांच्या तोंडाकडे बघतो. जे ऐकून घेतील पण "मला मधे घेऊ नकोस" म्हणतील, त्यांनाही मोजा. गप्प राहणारा माणूस विरोधात नसतो, आणि गावात अशीच माणसं सर्वांत जास्त असतात. त्यांना कोपऱ्यात ढकलून "बोला, तुम्ही कोणत्या बाजूचे?" असं विचारलंत, तर ते बहुमताची बाजू घेतील.

आता माझी एक गोष्ट, जी सांगायला मला अजूनही त्रास होतो. माझे वडील गेले तेव्हा मी या कामात नऊ वर्षं होते. दुसऱ्यांच्या घरी जाऊन बोलत होते. आमच्या घरी माझ्या सख्ख्या काकांनी मला फक्त "आत जा" म्हटलं, आणि मी आत गेले. आईचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. नंतर ती मला त्याबद्दल कधी काही बोलली नाही. पुढं चौदा वर्षं जगली, एक शब्दही नाही. पण पुन्हा कुंकू लावावंसं वाटतं का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आता कशाला? तवा विचारायचं हुतंस."

न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतले केवढे मोठे पुढारी. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून त्यांनी विधवेशी न करता अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. लोकांनी तेव्हाही बोल लावले, आजही लावतात. मला त्यांच्याबद्दल राग येत नाही, कारण काकांचा तो "आत जा" मला आठवतो. परक्या सभेत हजार माणसांसमोर बोलणं सोपं असतं. घरात ज्यानं आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याच्यासमोर "नाही" म्हणताना जीभ उचलत नाही. तुमच्याही बाबतीत तसं होऊ शकतं. म्हणून त्या दिवशी सुचेल ते बोलू असं म्हणू नका. वाक्य आत्ताच ठरवा, आणि ते मोठ्यानं म्हणून बघा.

वाक्य लहान असावं. "आईला नको आहे. आम्ही करणार नाही." एवढंच. त्यात कारण घालू नका, कारण दिलं की त्यावर वाद होतो. "शास्त्रात कुठं लिहिलंय" म्हणालात, की कुणीतरी पोथी काढेल. "बाबांना आवडलं नसतं" म्हणालात, की कुणी म्हणेल, "मला त्यानं वेगळंच सांगितलं होतं." कुणी काही म्हणो, तेच वाक्य, त्याच आवाजात पुन्हा. काकांनाही तेच, भटजींनाही तेच, रडणाऱ्या आत्यालाही तेच. शब्द बदललात तर समोरच्याला वाटतं की अजून थोडं ढकललं तर ही हलेल. आणि आवाज चढवू नका. मयताच्या घरी मुलगी ओरडली, तर आईच्या बांगड्यांचा विषय मागं पडतो आणि तुमचं ओरडणं गावभर होतं.

आईच्या दोन्ही बाजूंना माणूस बसलेलं हवं, सुरुवातीपासून मयत उचलेपर्यंत. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला ती वहिनी. आईचे हात तुमच्या हातात. पाणी आणायला, फोन घ्यायला, कुणाला आणायला तुम्ही उठायचं नाही. ती कामं आधीच दुसऱ्यांना वाटून द्या. भाऊ बाहेर विधीत असणार, त्याच्यावर अवलंबून राहू नका. भटजींशी किंवा तुमच्याकडे जे कोणी विधी करतात त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. माझ्या अनुभवात त्यांचा विरोध फारसा नसतो, पुष्कळदा ते म्हणतात, "हे आमच्याकडचं नाहीच, बायका बायकांचं आहे." ते वाक्य त्यांनी चार लोकांत बोलावं एवढी विनंती करा. आणि मोबाईलवर चित्रण करू नका, कुणाला करू देऊ नका. पत्रकार बोलावू नका. तुमच्या आईचा नवरा गेलेला असेल त्या दिवशी. तिला त्याच्यासाठी रडता आलं पाहिजे.

बाकीच्या सगळ्या गोष्टींत भावकीचं ऐका. खांदा कोण देणार, पहिला घास कुणाच्या घरून येणार, उत्तरकार्याला स्वयंपाक काय, कुणाला टॉवेल-टोपी, जे म्हणतील ते करा. अनेक शिकलेली मुलं इथं चुकतात. आई एक गोष्ट मागते आणि मुलं तेरावाच बंद करू म्हणतात. त्यांचं म्हणणं चूक असतं असं नाही, पण दहा गोष्टींवर भांडणाऱ्याची एकही गोष्ट गाव मनावर घेत नाही. नऊ ठिकाणी मान दिलात तर दहाव्या ठिकाणी तुमचा नकार किती खोल आहे हे त्यांना दिसतं.

कायद्याचं तुम्ही विचारलंय. ४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या त्या दिवसांत. त्याच शाहूंनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. हेरवाडनंतर हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनंही तसा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. तुमच्या ग्रामपंचायतीनं असा ठराव केलाय का ते ग्रामसेवकाकडे विचारा. केला असेल तर प्रत घेऊन ठेवा. पण ठराव आणि परिपत्रक हे आवाहन आहे, त्यानं कुणाला शिक्षा होत नाही. ठराव झालेल्या गावांतही बांगड्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. ठरावाचा खरा उपयोग वेगळा आहे. जी वहिनी मनातून तुमच्या बाजूची आहे, तिला बोलायला आडोसा मिळतो: "मी नाही म्हणत, पंचायतीनंच केलंय."

पुढं जाऊन भावकीनं बोलणंचालणं तोडलं, कार्याला बोलवू नका असं फर्मान काढलं, दंड मागितला, तर मात्र प्रकरण वेगळं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. हे माहीत असू द्या, पण पहिल्या दिवशी तोंडातून काढू नका. कायद्याचं नाव घेतलंत की भावकी वकिलाकडे जाते, आणि मग आईशी बोलायला कुणी उरत नाही. घडलेलं मात्र तारीखवार वहीत लिहीत जा. कोण काय बोललं, कुठं, कोण हजर होतं. गरज पडली तर ती वही कामाला येते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. वडिलांच्या नावावर जमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्या, आईचं नाव पहिलं. हिंदू वारसा कायद्यानं तिचा वाटा मुलांच्या बरोबरीचा आहे. "रीत मोडणारी बाई" असं एकदा ठरलं की तिच्या नावाला हरकत घ्यायला काही माणसांना निमित्त मिळतं. हे मी चार ठिकाणी पाहिलंय.

आणि बारा दिवसांनंतर? तुमचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो बरोबर आहे. मयताच्या दिवशी दुःखाची लाज असते, लोक जास्त ताणत नाहीत. खरी परीक्षा पुढं येते. संक्रांतीला शेजारीण वाण घेऊन येते आणि आईच्या कपाळावर कुंकू बघून उंबऱ्यावरच घुटमळते. दळणाला गेलेल्या आईला कुणी हळूच म्हणतं, "कुणासाठी लावतीस गं?" वास्तुशांतीला बोलावणं येतं, पण ओटी भरताना तिला वगळतात. पहिलं वर्ष असं जातं. त्या वर्षात तुम्ही दर पंधरा दिवसांनी गावी जायला हवं, आणि आईबरोबर गावात फिरायला हवं. देवळात, बाजारात, मयताला, बारशाला. तुम्हाला न बोलावणाऱ्यांच्या दुःखाला तर आधी जा. आपण उलटा बहिष्कार टाकायचा नाही. ज्या घरानं सर्वांत जास्त बोल लावले, त्या घरच्या आजारपणात आईनं भाकरी नेऊन दिली, आणि वर्षभरात त्याच घरानं तिला हळदीला बोलावलं, असं एका गावात मी पाहिलं. सगळीकडे होत नाही. एका ठिकाणी सहा वर्षं झाली, अजून बोलावणं नाही. त्या बाई तरीही रोज कुंकू लावतात.

आई मधेच डगमगेल. एखाद्या दिवशी तुम्ही जाल आणि तिचं कपाळ मोकळं दिसेल. तेव्हा तिला रागावू नका, "एवढं केलं ते कशासाठी" असं तर मुळीच म्हणू नका. तिला रोज त्या गल्लीत राहायचंय. मागं घेतलं तरी तिनं ते स्वतः घेतलेलं असेल, कुणी तिच्या हातावर दगड मारून घ्यायला लावलेलं नसेल, आणि उद्या वाटलं तर ती पुन्हा लावेल.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं, जे आज किंवा उद्याच करायचं आहे. बाबा शुद्धीवर आहेत, बोलतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी यावर कुणी बोललंय का? मला वाटतं, नाही. मरणाबद्दल बोलायला आपल्याला अभद्र वाटतं. पण करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी आपल्यामागं पत्नीवर हे काही लादू नये असं प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं, आणि त्यांच्यामुळे ही गोष्ट पुष्कळ पुरुषांच्या मनापर्यंत पोचली. गेलेल्या माणसाची इच्छा भावकी सहसा मोडत नाही. जिवंत बाईच्या इच्छेपेक्षा तिला जास्त मान आहे, याचं मला वाईट वाटतं, पण आज तीच आईच्या कामाला येईल. तुम्ही विचारू नका. आईला विचारू द्या. तुम्ही दोघं भावंडं थोडा वेळ बाहेर थांबा. ते "हो" म्हणाले, तर थोरल्या काकांना भेटायला बोलवा, आणि भावाला आत बसू द्या, म्हणजे ते शब्द त्याच्याही कानांवर पडतील.